साग नव्हे, नाणा

आमच्या वखारीत मुलीनं बसायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला, कधी केला, असं विचारलं की घरातले सगळे एकमेकांकडं बघायचे. नियम कुणाचाच नव्हता, त्यामुळं तो मोडायचा तर भांडायचं कुणाशी, हेही कळत नव्हतं.

आमचं घर राजारामपुरीत आणि लाकडाची वखार उचगावच्या रस्त्याला. आजोबांनी सुरू केलेली. वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ असे दोघं मिळून ती चालवायचे. आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं आमच्या घरात निम्मं कानडी बोललं जायचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा आणि काकांना चिकप्पा. माल पारखून घ्यायचं काम अप्पांचं, गिऱ्हाइकाशी बोलून तो विकायचं काम चिकप्पांचं. अप्पा दिवसभरात मोजकं बोलायचे. चिकप्पा बोलायला लागले की समोरचा माणूस दोन वाशांसाठी आलेला असला तरी दाराच्या चौकटी घेऊन जायचा.

मी वखारीत शिरले ती अप्पांच्या जेवणाच्या डब्यामुळं. माझी शाळा सकाळची असायची. दुपारी सायकलवरून डबा पोहोचवायचा आणि ते जेवेपर्यंत ओंडक्यावर बसून राहायचं. करवतीचा आवाज, भुशाचा ढीग आणि अंगाला चिकटणारा बारीक पिवळा धुरळा. अव्वा म्हणायची, वखारीतनं आलीस की आधी मोरीत जा.

आठवीत असताना एकदा अप्पांनी नुकत्याच कापलेल्या ओंडक्याची एक चकती उचलली, नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग मला हाक मारली. "इकडं ये गं. ह्याचा वास कसा येतोय सांग."

मी वास घेतला. "चपलांच्या दुकानात येतो तसा."

"आणि ह्याचा?" त्यांनी दुसरा तुकडा पुढं केला.

"ह्याला काहीच येत नाही."

"नीट बघ की."

"नीटच बघितलं. नुसता ओल्या लाकडाचा येतो. पहिल्यासारखा नाही."

त्यांनी मान हलवली आणि पहिल्या चकतीवर खडूनं खूण केली. मला वाटलं, परीक्षा घेताहेत. पुढं रोज तेच सुरू झालं. जेवण झालं की चार-पाच तुकडे माझ्यापुढं यायचे, मी वास सांगायचे, ते खुणा करायचे. मात्र बरोबर आलं तरी शाबासकी नाही आणि चुकलं तरी रागावणं नाही. एक दिवस मी चिडून म्हणाले, "तुम्हाला उत्तर माहीतच असतं, मग मला विचारता कशाला?"

अप्पा डब्याचं झाकण लावता लावता थांबले. म्हणाले, "मला माहीत नसतं. मला वास येत न्हाय, बाळ. भुशानं नाक गेलं. डॉक्टर म्हणतात, आता परत यायचं न्हाय." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस. चिकप्पाला पण न्हाय. लाकडाचा धंदा हाय आपला."

मी कुणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी वखारीत डबा द्यायला जात नव्हते. मी कामाला जात होते. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

नाक माझं, पण बाकी सगळं त्यांनी शिकवलं. सालीपासून सुरुवात केली. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची, काळपट. सागाची साल राखाडी, उभ्या उथळ चिरांची, बोटानं ओढली तर तिचे दोरे निघतात. सावरीच्या खोडावर जाड बुडाचे काटे. आणि नाण्याची साल फिकट, गुळगुळीत. तिचे कागदासारखे पापुद्रे सुटून खाली पडतात आणि झाड नुकतंच अंघोळ करून आल्यासारखं दिसतं. घाटाकडच्या जंगलात ही झाडं पुष्कळ. नाणा हे नाव गावात कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं आपण पैशाबद्दल बोलतोय. पण सुतारांना ते चांगलं माहीत. चौकटीला, वाशाला, पाटाला चांगलं लाकूड. सागासारखंच दिसतं, तशीच वर्षावर्षाची वलयं असतात, रंग थोडा लालसर. रंग देऊन पॉलिश मारलं की भल्याभल्यांना फरक कळत नाही. सागाला हात लावला की मेण लावल्यासारखं बोट सरकतं. नाण्यावर बोट अडतं. आणि सागाचा तो चामड्यासारखा वास नाण्याला अजिबात नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा मला स्कूटरवर मागं बसवून बांधावरची झाडं बघायला न्यायचे. शेतकरी उभी झाडं विकायचे आणि त्या दिवसांत निम्मी झाडं बोडकी असायची. पान नाही, फूल नाही, नुसत्या काटक्या. "पानं बघून कोण बी ओळखतंय," अप्पा म्हणायचे. "पान नसताना वळखायचं." मग ते फांदी वाकवून माझ्या हातात द्यायचे. सागाची कोवळी फांदी गोल नसते, चौकोनी असते. चिमटीत फिरवली की चार कडा लागतात. तिच्या टोकाला मऊ लव असलेली कळी, आणि तिच्यातून डोकावणारं कोवळं पान चुरडलं की बोटं लाल होतात. पळसाच्या कळ्या काळसर मखमली. डिकेमालीच्या शेंड्याला पिवळा चिकट डिंक, आणि त्याला असा उग्र वास, की तो हात घेऊन जेवायला बसता येत नाही. मी हे सगळं घोकून पाठ केलं नाही. हात लावून लावून ते हाताला कळत गेलं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बी.कॉम. झाले. निकाल लागला त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा मी म्हणाले, "मी उद्यापासून वखारीत बसणार."

चिकप्पा हसले. "वखार म्हंजे काय शिवणक्लास हाय व्हय? ट्रकवाले येतात, हमाल असतात. तिथं पोरगी बसवली तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"घरात बाप्ये संपले म्हणतील."

मी अप्पांकडं बघितलं. ते ताटात बघत होते. मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं माझ्या नाकावर यांनी माल घेतला होता. निदान एक शब्द बोलायचा होता. पण बोलायचं म्हणजे स्वतःचं नाक गेलेलं सांगायचं, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी गेलेच. अप्पांनी खुर्ची दिली नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. मी ओंडक्यावर बसले. रोज जाऊ लागले.

महिनाभरात चिकप्पांनी माझ्यासाठी स्थळ आणलं.

नृसिंहवाडीच्या वाटेवरचं एक गाव. उसाचा मोठा बागायतदार, नवा बंगला, एकुलता मुलगा. त्या बंगल्याचं सगळं लाकूड चिकप्पांनीच पुरवलं होतं, तिथंच ओळख झाली. पोहे वगैरे झाले, मुलगा दोन वाक्यं बोलला, मी पसंत पडले. मग घर बघायला आमची माणसं जायची ठरली. मी म्हणाले, "मी पण येणार."

"पोरी जात न्हाईत घर बघायला," अव्वा म्हणाली.

"राहायचं कुणी आहे तिथं? तुम्ही की मी?"

अव्वानं अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "येऊ दे." चिकप्पांना ते आवडलं नाही. त्या वेळी मला वाटलं, रीत मोडतेय म्हणून आवडलं नसेल.

भाड्याच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. पाऊस संपला होता, पण नदीकाठची हवा अजून दमट होती. बंगला खरोखर देखणा. घराचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, स्वागताला पायरीवरच उभे होते. मोठा आवाज, मोठं मन, बोलण्यात आडपडदा नाही असा माणूस. आत न्यायच्या आधी त्यांनी दारावर थाप मारली.

"पावणं, दार बघा आमचं. हात लावून बघा! तुमच्याच वखारीतलं हाय. असलं सागवान आता शोधून मिळायचं न्हाय."

दार दोन झडपांचं, वर कोरीवकाम, आरशासारखं पॉलिश. पण एका झडपेची कड उघडी दिसत होती. दार अडकत होतं म्हणून सकाळीच सुतारानं रंधा मारला होता. उंबऱ्यापाशी दोन-चार ढलप्या अजून पडल्या होत्या. बाकीचे आत गेले. मी चपला काढायच्या निमित्तानं मागं राहिले आणि त्या उघड्या कडेवरून अंगठा फिरवला.

अंगठा अडला.

लाकूड लालसर होतं. मी वाकून एक ढलपी उचलली, नाकाशी धरली. काही नाही. परत धरली. ते साग नव्हतं, नाणा होतं. आमच्या वखारीत नाण्याचा ढीग कुठं रचलेला असायचा, ते मला डोळे मिटूनही दाखवता आलं असतं. तो ढीग पावसाळ्याआधी अचानक कमी झाला होता, आणि चिकप्पा म्हणाले होते की चौकटींना गेला.

मी आत जाऊन अव्वाशेजारी बसले. खरं सांगते, गप्प बसायचं ठरवलं होतं. घरी जाऊन अप्पांना एकट्याला सांगायचं, असं मनात होतं. चहा आला, चिवडा आला. मालक बोलत होते. गाईंचं बोलले, उसाचं बोलले, मग माझ्याकडं वळले.

"पोरगी वखारीत जाती म्हणं?"

"बसते जरा अधनंमधनं," चिकप्पा घाईनं म्हणाले. "हौस हाय तिला."

"हौस आता बंद. लाकूडबिकूड बायकांचं काम न्हाय. आणि आमच्यात सुनेला काय कमी न्हाय बघा. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायची गरजच पडायची न्हाय." ते प्रेमानंच बोलत होते. "तुला काय विचारायचं असंल तर विचार बाळ. लाजू नको."

मुलगा समोर बसला होता. त्यानं मान खाली घातली होती.

"विचारू?" मी म्हणाले.

"विचार की!"

"दार फुगतंय का तुमचं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "दार? व्हय, पावसाळ्यात फुगलं जरा. म्हणून तर सकाळी रंधा मारून घेतला. नवं लाकूड, बसंल हळूहळू."

"सागवान इतकं फुगत नाही."

चिकप्पांनी बशी खाली आपटली. "तू गप बस. मोठी माणसं बोलतायत."

"ते साग नव्हे," मी म्हणाले. आता मला थांबायचं नव्हतं. "नाणा आहे. रंग देऊन पॉलिश केलंय."

मग मालक सावकाश म्हणाले, "म्हंजे तुझ्या बानं मला फसवलं म्हणतीस?"

एवढा वेळ हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. वखार आमची होती. पाटीवर अप्पांचं नाव आधी होतं. मी ज्याच्याविरुद्ध बोलले तो माझा बाप होता.

चिकप्पा उठून उभे राहिले. "पोरगी हाय, काय बी बोलतीया. चार दिवस ओंडक्यावर बसली की सुतार झाली व्हय? दादा, तुम्ही सांगा की ह्यांना. अख्ख्या कोल्हापुरात तुमच्याएवढं लाकूड वळखणारा हाय का कोण?"

अप्पा उठले. आम्ही सगळे त्यांच्यामागं दारापाशी गेलो. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, खाली वाकून ढलपी उचलली आणि नाकाशी धरली. कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांसमोर ते असंच करत आले होते. लोक थांबून बघायचे आणि मग त्यांचा शब्द शेवटचा असायचा. तेव्हाही सगळे थांबले. 'साग हाय' एवढंच ते म्हणाले असते तर माझं लग्न ठरलं असतं, भावाभावांत काही झालं नसतं आणि मी खोटी पडले असते. चिकप्पांचा चेहरा बघितला तर त्यांना हीच खात्री होती.

अप्पांनी ढलपी माझ्यापुढं धरली. "सांग."

"नाणा."

"नाणाच," अप्पा मालकांना म्हणाले. "बोटाला तसंच लागतंय. पण पॉलिश असतं तर मला कळलं नसतं. मला वास येत न्हाय, पावणं. नाक कधीच गेलंय माझं. वखारीत जो माल येतो तो ही पोरगी वास घेऊन सांगते, मग मी घेतो. शाळेत होती तवापासनं."

अव्वाच्या तोंडातून "अय्यो" एवढंच बाहेर पडलं. तिलाही हे माहीत नव्हतं. चिकप्पा अप्पांकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा कसा उतरत गेला ते मी बघितलं.

"दार मी बदलून देतो," अप्पा म्हणाले. "चौकटीसकट. माझ्या वखारीचा माल हाय, जबाबदारी माझी."

मालकांचा आवाज तोवर चढला होता. ते जे बोलले त्यात फसवणूक होती, समाज होता, आणि अशी तोंडाळ पोरगी आम्हाला नको, हेही होतं. मी म्हणाले, "तोंडाळ नसते तर दर पावसाळ्यात रंधा मारत बसला असता." अव्वानं माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं.

परत येताना गाडीत पुढं अप्पा आणि मागं आम्ही तिघं. चिकप्पा माझ्या शेजारीच. मला रडू येत होतं, पण त्यांच्या शेजारी बसून रडायचं नाही असं मी ठरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वखारीतून घालवायची त्यांना इतकी घाई का झाली होती, ते मला त्या गाडीत बसून कळलं. कुठला ढीग कुणाकडं गेला हे बघणारं माणूस वखारीत रोज येऊन बसायला लागलं होतं आणि त्यांना ते परवडणारं नव्हतं. हे माझं म्हणणं. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. वाटण्या होईपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं, "सगळेच देतात. गिऱ्हाइकाला साग पाहिजे असतं, आपण साग म्हणायचं. दार उघडतंय, मिटतंय, अजून काय पाहिजे?"

त्यावर अप्पांनी एकदाच उत्तर दिलं. "नाणा काय वाईट लाकूड हाय? त्याच्या नावानं विकलं असतं तर त्यानं बी घेतलंच असतं की."

घरी गेल्यावर अव्वा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आता तुला कोण करून घेणार?"

"नाही घेतलं तर नाही."

"मग काय करणारेस? घरात बसून माझं डोकं खाणार?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्यापरीस जा, बस वखारीत."

तिची परवानगी मिळाली ती अशी.

दार बदलून द्यायचं तर तसं वाळलेलं, जुनं साग वखारीत हवं होतं. होतं ते एकच. मागच्या छपराखाली एक जाडजूड ओंडका कित्येक वर्षं वाळत ठेवलेला होता. माझ्या लग्नात द्यायच्या कपाटासाठी आणि पलंगासाठी म्हणून अप्पांनी तो राखला होता. ते त्याच्याकडं बघायचे आणि दुसरीकडं जायचे. मीच म्हणाले, "तो काढा."

"तो तुझा हाय."

"माझा आहे ना? मग मी सांगते, काढा."

तो करवतीखाली गेला तेव्हा अख्ख्या वखारीत वास भरला. मी मशीनपाशी उभी होते. अप्पा जवळ आले आणि विचारलं, "कसा येतोय?" मी म्हणाले, "लई चांगला येतोय." ते मान हलवून फळ्या मोजायला गेले.

फळ्या न्यायला टेम्पोबरोबर तो मुलगा आला होता. सगळं भरून झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "तुम्ही आधी माझ्याशी एकटं बोलला असता तर हे सगळं टळलं असतं."

"तुमचे वडील बोलत होते तेव्हा तुम्ही काही बोललात का?"

त्यानं फळ्यांवरची दोरी एकदा ओढून बघितली. टेम्पोत बसला आणि गेला. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं नाही असं नाही. पण परत बोलवावंसंही वाटलं नाही.

वाटण्या झाल्या. चिकप्पांनी दुसरीकडं जागा घेतली आणि जाता जाता गावभर सांगितलं की दादाच्या वखारीत पोरगी लाकूड हुंगत बसते. झालं. मला हुंगणारी हे नाव पडलं. पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. जे यायचे तेही दारातून विचारायचे, "मालक हायेत का?"

"मीच आहे. बोला."

"न्हाय, म्हंजे बापय माणूस कोण हाय का?"

"लाकूड पाहिजे की बापय माणूस?"

काही निघून जायचे. जाऊ देत म्हणायचे मी. काही नुसते मजा बघायला यायचे. एकदा तिघं सुतार आले आणि एक तुकडा माझ्यापुढं टाकला. "वळखा बरं." मी वास घेतला, तर सागाचा वास येत होता. हात लावला, तर बोटही सरकत होतं. तिघं एकमेकांकडं बघून हसू दाबत होते. मी शेजारचा रंधा घेतला आणि तुकड्यावर एकदाच ओढला. वरचा पापुद्रा निघाल्यावर आत फिकट पिवळं लाकूड, वासाचा पत्ता नाही. "शिवणीचं लाकूड," मी म्हणाले. "सागाच्या भुशात तेल घालून चोळलंय. मेहनत घेतलीत, चहा घेऊन जा." त्यातला वयानं मोठा होता तो लाजला नाही, उलट मोठ्यानं हसला आणि त्याच आठवड्यात चौकटींची ऑर्डर घेऊन आला. पुढं तो इतरांना सांगायचा, "तिथं तुमचं खोटं चालायचं न्हाय आणि तिचं पण चालत न्हाय."

हुंगणारी हे नाव मी पुसायचा प्रयत्न केला नाही. कुणी विचारलं, तुम्हीच का त्या, तर मी म्हणायचे, "व्हय, मीच. काय हुंगायचंय?"

अप्पा रोज येत. मी मोठ्या खुर्चीत बसू लागले आणि ते बाजूच्या बाकावर. गिऱ्हाईक त्यांच्याकडं वळलं की ते माझ्याकडं बोट करायचे. बोलायचे पूर्वीइतकंच कमी. चिकप्पांशी त्यांचं बोलणं सुरू झालं, दिवाळीला जाणंयेणंही झालं. माझं झालं नाही. लोक म्हणायचे, आता सोड की, घरचाच माणूस आहे. मी सोडलं नाही. त्यांनी माफी मागितली असती तर बघितलं असतं. ते मला भेटले की म्हणायचे, "काय हुंगणाऱ्या बाई?" मी म्हणायचे, "काय साग विकणारे?" आमचा एवढाच संबंध राहिला.

लग्नाची स्थळं नंतरही आली. वखार सोडणार का, हा प्रश्न सगळ्यांचा पहिला असायचा, म्हणून दुसरा प्रश्न यायची वेळच आली नाही. अव्वानं काही वर्षं मनाला लावून घेतलं, मग दुपारचा डबा दोघांचा करू लागली.

दोन हजारनंतर धंदाच बदलला. घाटातला माल बंद होत आला. शेतकऱ्यांची झाडं तोडायची तर परवानग्या वाढल्या, त्या असायलाच हव्यात. आणि बाहेरच्या देशांतून, जहाजातून उतरलेले ओंडके ट्रकनं यायला लागले. साल सोलून चौकोनी तासलेले, टोकांना रंग फासलेले, त्यावर कसलेतरी आकडे. पहिला ट्रक आला तेव्हा मी एका ओंडक्याभोवती कितीदा फिरले. साल नाही, फांदी नाही, कळी तर लांबच. हे झाड कुठं उभं होतं, उन्हाळ्यात बोडकं व्हायचं की हिरवं राहायचं, काहीच कळायला मार्ग नव्हता. एक चकती कापून घेतली. वास आंबूस, मी आयुष्यात कधी न घेतलेला. एक दलाल तेव्हा वखारीतच बसला होता. तो म्हणाला, "आता तुमची विद्या संपली, ताई. ह्याला परदेशी टीक म्हणायचं आणि विकायचं. सगळे तेच करतात."

"मी नाही करणार."

"मग काय नाव सांगणार?"

"कळलं की सांगेन."

त्या पावसाळ्यात मी त्या लाकडाचे तुकडे पागोळीखाली ठेवले, मातीत पुरले, उन्हात टाकले. पस्तिशीच्या घरात पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं. राग आला, पण मजाही वाटली. शेजारी पुरलेला आंब्याचा तुकडा वाळवीनं खाल्ला, ह्याला तोंडही लावलं नाही. मी अप्पांना ते तुकडे दाखवले. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपून बघितले, वलयं उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "मला बी म्हाईत न्हाय." मग म्हणाले, "तसंच लिही की."

मी फळ्या भिंतीला उभ्या केल्या आणि वर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: नाव माहीत नाही. साग नव्हे. वाळवी लागत नाही असं दिसतंय. वापरून बघा आणि सांगा.

दलालानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी शाळेची बाकं बनवणारा एक जण आला. फळीवर लिहिलेलं त्यानं दोनदा वाचलं, मला वाटलं हसेल. त्यानं अंगठा फिरवला, फळी उचलून वजन बघितलं.

"नाव माहीत न्हाय म्हणता?"

"नाही."

"मग किती फळ्या हायत?"

"मागं अजून आहेत," मी म्हणाले, आणि त्याला मागं घेऊन गेले.